एकच नाव, वेगळी नाटकं – कपाटातली तीन ‘शाकुंतल’

जुनंपान

मंडळी, नमस्कार.

गेले सहा महिने मी दर शनिवारी दुपारी आमच्या गावातल्या जुन्या वाचनालयात नाटकांचं कपाट लावायला जाते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं की हे काम करायचं. जाळीच्या दाराचं सागवानी कपाट आहे. वरच्या दोन कप्प्यांत संगीत नाटकं, मधे सामाजिक, आणि तळाशी एकांकिकांची थप्पी. तिला एका बाजूने वाळवी लागलेली आहे.

मागच्या शनिवारी गेले तर दाराशी सुतळीने बांधलेला रद्दीचा गठ्ठा होता. वरच्याच पुठ्ठ्यावर ‘शाकुंतल’ दिसलं म्हणून गाठ सोडली, तर खाली आणखी एक ‘शाकुंतल’. विचारलं तेव्हा कळलं, “ताई, जादा प्रती आहेत त्या. नोंदवहीत ‘शाकुंतल, प्रती ३’ असं लिहिलंय. एक ठेवली, दोन काढल्या.” गठ्ठा बांधणाऱ्या मुलाला काय बोलणार? नोंदवहीत खरंच तसं लिहिलेलं आहे, तेही कुणाच्या तरी सुरेख वळणदार अक्षरात, चाळीसएक वर्षांपूर्वी.

मी तिन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडली. एक परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचं. मूळ १८६१ सालचं, आमच्याकडे आहे ती नंतरची आवृत्ती. गोडबोले म्हणजे १८५४ साली ‘नवनीत’ काढणारे, जुन्या कवितेचं वेचक संकलन ज्यांच्यामुळे घराघरात पोचलं ते. दुसरं कृष्णशास्त्री राजवाड्यांचं, मूळ १८६९ सालचं. आणि तिसरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’, १८८०. त्याच्या मुखपृष्ठाचा वरचा कोपरा फाटलाय आणि नेमका ‘संगीत’ हा शब्द त्या तुकड्याबरोबर गेलाय. त्यामुळे वरवर बघणाराला तिन्ही सारखीच दिसणार.

आत डोकावलं की फरक लगेच कळतो. गोडबोल्यांनी कालिदासाच्या श्लोकाला श्लोक दिलाय आणि गद्याला गद्य. ते वाचणाऱ्याचं पुस्तक आहे. मांडीवर घेऊन सावकाश वाचावं, एखादं वृत्त मोठ्याने म्हणून बघावं. किर्लोस्करांचं पान उघडलं की आधी ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी समोर येते आणि मग ठिकठिकाणी पदं, साक्या, दिंड्या असे गायचे प्रकार, वर चाल छापलेली. ते पान बघतानाच कानात पेटी वाजायला लागते. विष्णुदास भाव्यांच्या खेळांत सगळ्यांच्या वतीने सूत्रधार गायचा. किर्लोस्करांनी ज्याचं दुःख त्याच्याच गळ्यात गाणं दिलं. शकुंतलेला निरोप देताना कण्वाचं मन भरून येतं, ते कालिदासाने ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं’ या एका श्लोकात सांगितलंय. गोडबोल्यांकडे तो श्लोक वाचताना आपण कण्वाबद्दल विचार करतो. किर्लोस्करांकडे कण्व स्वतः गातो आणि आपण त्याच्यासमोर बसलेले असतो. कथा तीच, पात्रं तीच, मूळ संस्कृत ग्रंथही तोच. तरी नाटक वेगळं.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच. चौथा अंक संपतो तो शकुंतला आश्रम सोडून निघते तिथे. दुष्यंताचा दरबार, हरवलेली अंगठी, कोळी, यातलं काहीच त्या रात्री झालं नाही. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गळ्याचे नट ऐकून लोक घरी गेले, ते लेक सासरी निघाली त्या क्षणाशीच. मराठी संगीत नाटक सुरू झालं ते पाठवणीपासून, असं मी मनाशी म्हणते.

आता मुद्द्यावर येते. नाव एक आणि नाटकं वेगळी, अशी तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं इथे लिहाल का? मराठीतली असोत वा बाहेरची. नुसती यादी नको. फरक कुठे पडला ते सांगा. मला नोंदवही नव्याने लिहायची आहे, आणि खरं सांगायचं तर ती दोन पुस्तकं रद्दीत बघून जीव इतका कळवळला की हे कुणाशी तरी बोलावंसं वाटलं.

तिसरीघंटा

ताई, वेळेवर पोचलात. बांधलेला गठ्ठा सोडून बघणारी माणसं आहेत म्हणून थोडंफार काही उरतंय.

तुमच्या नोंदवहीसाठी उलट बाजूही सांगतो: नाटक एक, नावं अनेक. एकोणिसाव्या शतकात शेक्सपिअर मराठीत आला तो बहुतेक वेळा नाव बदलून आला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ केलं, १८८३. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ म्हणजे ‘टेमिंग ऑफ द श्रू’. देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंजारराव’ केलं, १८९०. नायिका कमळजा झाली आणि इयागोचा जाधवराव झाला. प्रेक्षकाला परकं वाटू नये, ही काळजी त्यात होती.

पण ‘ऑथेल्लो’ याच नावाने महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर त्याही आधी, १८६७ साली आलेलं होतं. आणि पुढे शिरवाडकरांनी पुन्हा ‘ऑथेल्लो’ हेच नाव ठेवलं, १९६१. म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांच्या अंतराने एकाच नावाची दोन मराठी पुस्तकं, आणि मधे तेच कथानक घोड्यावर बसून तिसऱ्याच नावाने फिरतंय. विसाव्या शतकात नावं बदलायची गरज उरली नाही. नाना जोगांनी ‘हॅम्लेट’च ठेवलं, विंदांनी ‘राजा लिअर’. प्रेक्षक शेक्सपिअरला नावाने ओळखायला लागला होता.

स्वतःच्याच नाटकाला नवं नाव देणारेही आहेत. देवलांचं १८९३ सालचं गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ पुढे पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा देवल नुकतेच गेले होते. तेंडुलकरांचं ‘गृहस्थ’ पुन्हा लिहिलं गेलं ते ‘कावळ्यांची शाळा’ म्हणून. तुमच्या कपाटात ही जोडपी असतील तर एकमेकांचा हवाला जरूर द्या. नाहीतर पुढचा माणूस ‘फाल्गुनराव’ शोधत बसेल.

तो जुना ‘अथवा’ किती कामाचा होता बघा. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. एवढं नाव वाचल्यावर कुणी गोंधळेल का?

रिमझिम_

वाचनखूण साठवली आहे. ‘संगीत’ हा शब्दच फाटून गेला, हे वाचून हळहळ वाटली. पुढील लेखनास शुभेच्छा.

अथेन्सचीवाट

सुंदर धागा. या विषयात ग्रीकांइतका मोठा खजिना कुणाकडेच नाही. त्यांचे नाटककार स्पर्धेसाठी लिहायचे आणि कथा बहुधा पुराणातल्या. त्यामुळे एकाच नावाची नाटकं होणारच. पण दोन ‘इलेक्ट्रा’ आजही पूर्ण वाचायला मिळतात, एक सोफोक्लीजची आणि एक युरिपिडीजची, हे आपलं भाग्य.

कथा थोडक्यात. राजा अ‍ॅगमेम्नॉन ट्रॉय जिंकून घरी येतो आणि राणी क्लायटेम्नेस्ट्रा आपल्या प्रियकराच्या, ईजिस्थसच्या साथीने त्याचा खून करते. मुलगी इलेक्ट्रा बापासाठी झुरते, परागंदा झालेल्या भावाची, ओरेस्टीजची, वाट बघते. तो येतो आणि आईला मारतो.

या दोघांच्या आधी एस्किलसने ४५८ इसवी सनपूर्व या वर्षी हीच कथा एका नाटकात मांडली होती. तिथे बहिणीला भावाची ओळख पटते ती थडग्यावर वाहिलेल्या केसांच्या बटेवरून, मातीतल्या पावलांच्या ठशावरून आणि तिने स्वतः विणलेल्या कापडावरून. आता युरिपिडीज काय करतो पाहा. त्याच्या नाटकात एक म्हातारा सेवक नेमक्या याच तीन खुणा इलेक्ट्राला सुचवतो, आणि ती एकेक खोडून काढते. पुरुषाच्या आणि बाईच्या केसांचा पोत सारखा कसा असेल? भावाचं पाऊल बहिणीएवढंच कसं? आणि लहानपणी घातलेलं कापड आज त्याच्या अंगाला होईल का, कापड काय माणसाबरोबर वाढतं? शेवटी ओळख पटते ती भुवईजवळच्या जखमेच्या वणावरून, लहानपणी पडल्याच्या खुणेवरून. नाटकाच्या आत बसून आधीच्या नाटकाशी घातलेला हा वाद आहे.

त्याची इलेक्ट्रा राजवाड्यात राहत नाही. तिला एका गरीब शेतकऱ्याला देऊन टाकलेलं आहे आणि ती डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन येते. हा शेतकरी फार सभ्य माणूस आहे, तो तिला हातही लावत नाही. सोफोक्लीजची इलेक्ट्रा वाड्याच्या दारातच उभी आहे, वर्षानुवर्षं, कुणी कितीही समजावलं तरी न हलणारी. तिथे भाऊ वेष पालटून येतो आणि तिच्या हातात एक कलश देतो. ‘यात तुझ्या भावाची रक्षा आहे.’ ती तो कलश छातीशी धरून विलाप करते, आणि ज्याच्यासाठी रडते तो दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकतोय. त्याला ते सहन होत नाही, आणि मग बापाची मुद्रेची अंगठी दाखवून तो आपली ओळख देतो. ताई, ‘शाकुंतला’तली अंगठी आठवली ना?

वधांचा क्रमसुद्धा उलटा आहे. सोफोक्लीजकडे आधी आई, मग ईजिस्थस. त्यामुळे पडदा पडतो तो सूड पुरा झाल्याच्या भावनेवर. युरिपिडीजकडे आधी ईजिस्थस, आई शेवटी, आणि मग दोघं भावंडं आपल्या हातांकडे बघून हादरून जातात. फक्त क्रम बदलला आणि नाटकाचा सगळा अर्थ फिरला.

ऑलस गेलिअस या रोमन लेखकाने लिहून ठेवलेली एक हकीकत सांगतो. पोलस नावाचा नामांकित नट सोफोक्लीजची इलेक्ट्रा करायचा. बायकांच्या भूमिका तिथेही पुरुषच करत. त्याचा मुलगा वारला. शोक सरल्यावर तो पुन्हा या भूमिकेत उभा राहिला तेव्हा त्याने हातात घेतलेल्या कलशात मुलाचीच रक्षा होती. हे वाचल्यापासून तो प्रवेश मी वेगळ्या मनाने वाचतो.

पडद्यामागे

सगळं छान चाललंय, पण मला एक गोष्ट खटकते ती बोलून टाकतो. मी पंधरा वर्षं नेपथ्य लावतोय. नाव हे नाटकाचं तोंड असतं. एकाने कष्टाने रुजवलेलं नाव दुसऱ्याने उचलायचं, बोर्डावर लावायचं, आणि प्रेक्षक जुनं समजून तिकीट काढतो, हे मला पटत नाही. ग्रीकांचं ठीक आहे, तिथे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे जाहिरातीत लेखकाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात असतं.

जुनंपान

पडद्यामागे, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. मी असा फरक करेन: शकुंतला, ययाति, सीता ही नावं कुणा एकाची नाहीत. ती रस्त्यावरच्या पारासारखी आहेत, कुणीही येऊन बसावं. इतिहासातल्या माणसांचंही तसंच. ‘घाशीराम कोतवाल’ म्हटलं की आपल्याला तेंडुलकरांचं १९७२ सालचं नाटक आठवतं, पण त्याच नावाचं मोरोबा कान्होबांचं पुस्तक १८६३ मध्येच आलेलं होतं. तेंडुलकरांनी ते नाव कुणाकडून हिरावून घेतलं असं मी म्हणणार नाही.

पण एखाद्याने मनातून घडवलेलं नाव, उदाहरणार्थ ‘नटसम्राट’, ते मात्र त्याचंच. तिथे दुसऱ्याने हात घालू नये. कायदा काय म्हणतो मला ठाऊक नाही, मी माझ्या मनाचं सांगते आहे. आणि लेखकाचं नाव मोठ्या अक्षरात हवं, याबद्दल शंभर टक्के सहमत.

कोर्टकज्जा

कायद्याचं मी सांगते, तोच माझा व्यवसाय आहे.

नुसत्या शीर्षकावर भारतात सहसा कॉपीराइट मिळत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘देसी बॉईज’ या नावावरून झालेल्या खटल्यात हे स्पष्ट केलं. दोन सर्वसामान्य शब्दांचं शीर्षक हे स्वतंत्र साहित्यकृती ठरत नाही, असं त्यात म्हटलंय. संरक्षण असतं ते संहितेला. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणून गोडबोले, राजवाडे, किर्लोस्कर यांची ‘शाकुंतल’ आज कुणीही करावीत. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, त्यांचा ‘ऑथेल्लो’ करायचा तर मात्र २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. नाव तेच, मूळ शेक्सपिअरही तोच, पण कोणाचं भाषांतर हातात आहे त्यावर सगळं ठरतं. हौशी मंडळं इथेच चुकतात.

दुसऱ्याच्या नावलौकिकाचा फायदा उठवून लोकांची दिशाभूल केली तर त्याविरुद्ध दाद मागता येते. पण तो वेगळा मार्ग आहे, आणि तिथे पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र संहिता वाचून मिळतं. त्यामुळे नावं सारखी असली तरी मंडळापुढे संहिता दोन वेगळ्याच असतात.

हौशीनट

कोर्टकज्जा ताईंनी आमच्या जखमेवरच बोट ठेवलं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका वर्षी आमच्या मंडळाने ‘ययाति’ करायचं ठरवलं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेलो. पुढच्या बैठकीला एकजण खांडेकरांची ‘ययाति’ घेऊन आला. ती १९५९ सालची कादंबरी. आमच्या गाणाऱ्या मुलीने ‘यतिमन मम मानित या’ बसवून आणलं होतं. ते शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’तलं, १९६६, संगीत अभिषेकीबुवांचं. आणि दिग्दर्शकाच्या मनात होतं गिरीश कर्नाडांचं ‘ययाति’, मूळ कन्नड, १९६१ सालचं. आठ दिवस आम्ही एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मनात घेऊन फिरत होतो.

शेवटी कर्नाडांचं केलं. त्यातली चित्रलेखा माझ्या मनातून जात नाही. महाभारतात पुरू बापाचं म्हातारपण घेतो आणि त्याचं कौतुक होतं, तिथे विषय संपतो. कर्नाडांनी विचारलं, पुरूचं नुकतंच लग्न झालं असेल तर? नवी नवरी दिवा घेऊन नवऱ्याच्या दालनात जाते आणि तिला तिथे जख्ख म्हातारा दिसतो. ती सासऱ्याला जे विचारते त्याला ययातिकडे उत्तर नसतं. शेवटी ती विष घेते. कर्नाड तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. आमच्या प्रयोगात चित्रलेखा करणारी मुलगी बँकेत कामाला होती, रोज संध्याकाळी डबा तसाच घेऊन तालमीला यायची. त्या प्रवेशात तिचा आवाज कधी चढला नाही, आणि म्हणूनच प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

शिरवाडकरांच्या नाटकात कच परत येतो. त्यांना त्या त्यागी माणसाची ओढ होती. खांडेकरांना ययातिच्या भोगलालसेत आपला काळ दिसला. कर्नाडांना सुनेचं म्हणणं ऐकायचं होतं. कुठला लेखक त्या घरात कुणाजवळ जाऊन बसला, यावरून नाटक वेगळं होतं.

मांडवीकाठ

हौशीनट, तुमचं शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

गोव्यातली एक आठवण. आमच्या गावच्या देवळात जत्रेला संगीत नाटक असायचंच, ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, असं दरवर्षी काहीतरी. एकदा फळ्यावर खडूने नुसतं ‘स्वयंवर’ लिहिलं होतं. माझी आजी रामायणवेडी. तिने दुपारीच जाऊन चटई टाकून पुढची जागा धरली, शिवधनुष्य मोडताना बघायला. पडदा उघडला तर रुक्मिणी! ते खाडिलकरांचं १९१६ सालचं ‘संगीत स्वयंवर’ होतं, बालगंधर्वांसाठी लिहिलेलं, भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं. आजी पहिल्या अंकात थोडी रागावलेलीच होती. पण रुक्मिणीचं ‘दादा, ते आले ना?’ आलं आणि ती पुढे सरकून बसली. ‘नाथ हा माझा’ संपेपर्यंत तिने रामाला माफ करून टाकलं होतं. घरी येताना टॉर्चच्या उजेडात तिने मला ‘दादा, ते आले ना’ चार वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून दाखवलं.

आणि ज्या सीतास्वयंवराची तिला आस होती ते तर आपल्या रंगभूमीचं मूळ. भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत केलं ते. पण त्याची आजच्यासारखी संहिता मिळायची नाही, कारण पदं तेवढी रचलेली असत आणि बोलणं नट आयत्या वेळी आपल्या मनाने करत. म्हणजे एकाच कंपनीचं, एकाच नावाचं नाटक दर रात्री थोडं वेगळं होत असणार. त्याची नोंद कुठल्या वहीत करणार, ताई?

तिसरीघंटा

मांडवीकाठ, आजींना नमस्कार सांगा.

पॅरिसहूनपत्र

इथल्या थिएटरांच्या शहरातून एक भर घालते. मी कामानिमित्त बरीच वर्षं फ्रान्समध्ये आहे. पडद्यामागे यांची तक्रार इथे साडेतीनशे वर्षांपूर्वी अक्षरशः घडली.

१ जानेवारी १६७७ ला फ्रेंच नाटककार रासीनचं नाटक आलं, ‘फेद्र ए इपोलित’ या नावाने. दोनच दिवसांनी, ३ जानेवारीला, प्रादों नावाच्या लेखकाचं नाटक दुसऱ्या नाटकगृहात लागलं. नाव तेच, ‘फेद्र ए इपोलित’. रासीनला पाडण्यासाठी ते मुद्दाम लावलेलं होतं आणि त्यामागे दरबारातली बडी मंडळी होती. सुरुवातीला प्रादोंचीच सरशी झाली. त्यानंतर रासीनने नाटकं लिहायचीच थांबवली. पुढचं नाटक आलं ते बारा वर्षांनी, तेही मुलींच्या शाळेसाठी लिहिलेलं. आपल्या नाटकाचं नाव त्याने १६८७ च्या आवृत्तीत नुसतं ‘फेद्र’ केलं. आज ‘फेद्र’ म्हटलं की रासीनच. प्रादोंचं नाव फक्त या भांडणापुरतं निघतं.

त्याआधी १६७० च्या नोव्हेंबरात रासीनचीच ‘बेरेनिस’ आणि त्यानंतर आठवड्याने म्हाताऱ्या कोर्नेयची ‘तीत ए बेरेनिस’ अशी जुगलबंदी झालेली होती. ती प्रामाणिक होती असं मला वाटतं, दोन मोठ्या लेखकांमधली. प्रादोंचा प्रकार मात्र मला खुनशी वाटतो. पडद्यामागे, तुमच्या बाजूने माझं मत.

अथेन्सचीवाट

त्याच कथेचा ग्रीक मूळपुरुष सांगायचा राहिला. युरिपिडीजने ‘हिप्पोलिटस’ नावाची दोन नाटकं लिहिली, स्वतःच, एकाच नावाने. पहिल्यात फेड्रा, म्हणजे फ्रेंचांची ‘फेद्र’, सावत्र मुलावरचं, हिप्पोलिटसवरचं, प्रेम त्याच्यासमोर उघड बोलून दाखवत होती असं दिसतं. प्रेक्षकांना ते रुचलं नाही. दुसऱ्यात, ४२८ इसवी सनपूर्व, तिने तोंड मिटून घेतलं, ते गुपित मनात ठेवून ती खंगत जाते, आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पहिलं हरवलं, त्याचे तुकडेच उरलेत. मला ते पहिलं वाचायला मिळालं असतं तर मी काय हवं ते दिलं असतं.

ताई, तुमचा गठ्ठा एका दिवसाने उशिरा सुटला असता तर?

पडद्यामागे

वाचतोय सगळं. रासीनची गोष्ट माहीत नव्हती. पॅरिसहूनपत्र, आभार.

पाराचं उदाहरण पटलं, ताई. फक्त पारावर बसताना आपण कोण ते सांगून बसावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुनंपान

मंडळी, आज शनिवार, वाचनालयातूनच लिहितेय.

नोंदवहीतली ती ओळ खोडली नाही. त्या अक्षराचा मान ठेवून खाली तीन नव्या ओळी लिहिल्या. शाकुंतल, परशुरामपंत गोडबोले, १८६१, भाषांतर. शाकुंतल, कृष्णशास्त्री राजवाडे, १८६९, भाषांतर. संगीत शाकुंतल, अण्णासाहेब किर्लोस्कर, १८८०, पदांसह, मुखपृष्ठ फाटलेलं. ‘झुंजारराव’च्या पुढे ‘ऑथेल्लो पाहा’ असं लिहिलं, आणि ‘संशयकल्लोळ’पुढे ‘फाल्गुनराव’. खांडेकरांची ‘ययाति’ नाटकांच्या कपाटात सापडली, तीही आज कादंबऱ्यांत नेऊन ठेवली. हौशीनट, तुमची आठवण आली. गठ्ठा बांधणारा मुलगा शेजारी बसून नावं सांगत होता. त्याने विचारलं, “मग आता सगळीच जुनी पुस्तकं अशी उघडून बघायची का?” मी हो म्हटलं. त्याने तळच्या कप्प्यातल्या एकांकिका बाहेर काढायला घेतल्या आहेत.

आणि एक सापडलं. किर्लोस्करांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुणीतरी हे पुस्तक तालमीला वापरलेलं दिसतंय. दोन पदांवर तिरकी रेघ मारून ‘गाळणे’ लिहिलंय. चौथ्या अंकात एका ठिकाणी समासात ‘पेटी थांबेल’. आणि त्याच अंकाच्या शेवटी, अगदी बारीक अक्षरात, ‘पावसाने इथवरच झाले’.

रिमझिम_

म्हणजे त्यांचाही प्रयोग चौथ्या अंकालाच थांबला! ताई, त्या पानाचा फोटो टाकाल का? साल काही दिसतंय?

जुनंपान

साल नाही, नुसतं ‘मंगळवार’ आहे. फोटो पुढच्या शनिवारी टाकते. आत्ता उजेड कमी झालाय आणि पेन्सिल फार फिकट आहे.